दसऱ्याच्या पाटावरची निळी कांडी

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा होईतोवर सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. पाचला पाणी भरलं, मिश्री लावली, चहा टाकला, दाराला तोरण बांधलं. मग पाटावर हत्यारं मांडली. यांचा पाना आणि टेस्टर, माझी कात्री, वाचनालयाचं पुस्तक, अभिनवचा लॅपटॉप. लॅपटॉपच्या बॅगेत एक निळी चकचकीत कांडी सापडली. खाली चार्जिंगचं भोक. वाटलं, ऑफिसचंच काही असेल, पोराचं पोट यावर चालतं. तिलाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला आणि ओवाळलं.

नम्रता, माझी सून, पाटासमोर येऊन थबकली. "अहो आई, हे काय पुजलंत?"

अभिनवचा चेहरा उतरला. "पेनड्राइव्ह आहे तो."

"हो ना! स्ट्रॉबेरीचा वास मारणारा पेनड्राइव्ह. नारळ पण फोडा आता त्याच्यापुढे."

ई-सिगारेट! पेपरात वाचलं होतं मी, पण चित्र नव्हतं.

३ ऑक्टोबर

दिवसभर कुणीच कुणाशी बोललं नाही. काल सोनं वाटायचंही राहूनच गेलं.

यांना बिडीनं नेलं, त्याला तीन वर्षं झाली. शेवटी शेवटी न्हाणीपर्यंत चालले तरी धाप लागायची. बाहेर तिरडी बांधत होते, तेव्हा अभिनव गल्लीच्या टोकाला जाऊन सिगारेट ओढून आला. शेजारी उभा राहिला तर वास आला. तेव्हापासून त्याचा शर्ट हुंगल्याशिवाय धुतला नाही मी. मे महिन्यापासून वास येईना, म्हणून देवापुढे साखर ठेवत होते!

४ ऑक्टोबर

आज बोलला. मी गवार मोडत होते, न सांगता तोही येऊन बसला.

"सिगारेट सुटावी म्हणूनच घेतलं, आई. मेपासून एकही ओढली नाही. तुझी शपथ."

"मग सुटली की."

गवारीच्या शिरा काढू लागला. मग म्हणाला, "सिगारेटला जिना तरी उतरावा लागायचा. ओढली की संपली. हे उशाशीच असतं. डोळा उघडला की आधी हे." ते विकायला बंदी आहे, ऑफिसातलं कुणीतरी आणून देतं, हेही सांगितलं.

आता त्यालाही हे सोडायचंय, पण एकट्याला जमत नाही म्हणाला.

मला रडू आलं नाही. उलट छाती मोकळी झाली. त्याचे बाबा असं कधीच बोलले नाहीत. बिडीचं विचारलं की "तू गप." एवढंच. तीस वर्षं.

गवार करपली. तिघांनी निमूट खाल्ली.

६ ऑक्टोबर

वाचनालयात पेपर चाळताना सापडलं — सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायची ओपीडी असते, दर मंगळवारी. संध्याकाळी अभिनवला म्हटलं, "उद्या जाऊ. मी येते बरोबर."

"चल. पण डॉक्टरांना सांगायचं काय? आमच्याकडे याची पूजा करतात?"

नम्रता एवढी हसली की तिला ठसका लागला. या घरात किती दिवसांनी कुणी असं हसलं!

मग तो सहज म्हणाला, "आई, तुझी मिश्री कशाची असते गं?"

"दात घासते मी! लग्नाआधीपासून."

म्हटलं खरं, पण आज दुपारी भांडी झाल्यावरही माझा हात डबीकडे गेला होता, चार वाजता पुन्हा. माणूस दात किती वेळा घासतं? तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजते मी, घरभर धूर होतो. आणि शर्ट हुंगते त्याचे!

७ ऑक्टोबर

खिडकीवर दोन केसपेपर काढले. पहिला माझ्या नावाचा.