शनिवार-रविवारचा गारवा

डर्बन, १६ मार्च

प्रिय झिबू,

तुझे सहा फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. उचलला असता तर खोटं बोलले असते. तुझा आवाज कानावर पडला की मला हल्ली खोटंच सुचतं. म्हणून कागद घेऊन बसले आहे. आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी रविवारी चर्चला पायीच जाते आणि परत येऊन माझ्यावर चिडते. माझ्या ल्वांडलेची परीक्षा संपली, पुढच्या आठवड्यात हॉस्टेलवरून घरी येईल. आई रोज विचारते, "झिबू आपल्यावर रागावली का गं?" 'आपल्यावर' म्हणते ती. मी भांडी घासत राहते.

तुला कॉलेजचे दिवस आठवतात का? तीस मुलांत आपण दोघी. लोखंडी टोकाच्या बुटांची एकच जोडी, तीही तुझ्या मामाची. ज्या दिवशी बूट माझ्याकडे, त्या दिवशी त्यांच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून मी खुरडत वर्कशॉपमध्ये जायचे. कॉम्प्रेसरच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायची आणि बेअरिंग कुठं खातंय ते सांगायचं, हे आधी मला जमलं, झिबू. तुला मी शिकवलं. शेवटच्या परीक्षेत पहिली मी, दुसरी तू. मग जर्मनीत शिकायची ती एक जागा आली. नाव माझंच निघालं होतं आणि मी चार महिन्यांची गरोदर होते. तू गेलीस. विमानतळावर मी तुला पोटाशी धरून रडले. सगळ्यांना वाटलं, मैत्रीण चालली म्हणून रडतेय. तुलाही तसंच वाटलं असेल.

त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य तुला ठाऊक आहे, कारण त्यात फारसं काही घडलंच नाही. समुद्रासमोरची एकोणीस मजल्यांची इमारत, गच्चीवरचे दोन चिलर आणि मी, चौदा वर्षं. शनिवार-रविवार इमारतीत चिटपाखरू नसतं, तरी एकोणीसच्या एकोणीस मजले गार करत बसायचं, का, तर कधीकाळी एका वकिलाला सोमवारी सकाळी घाम आला होता. हे मी मॅनेजर मूडलीसाहेबांना तीनदा सांगितलं. मीटरचे आकडे वहीत उतरवून नेऊन दाखवले. ते म्हणाले, "नोक्वाझी, तू यंत्र सांभाळ. इमारत सांभाळायला मी आहे." चौथ्यांदा मी गेले नाही. वही मात्र लिहीत राहिले.

मग तू जर्मनीहून परतलीस आणि महापालिकेने तुझ्या संस्थेशी करार केला. शहरातल्या चाळीस मोठ्या इमारतींनी कोळशाची वीज कमी जाळायची, धूर तीन वर्षांत एक तृतीयांशाने उतरवायचा, आणि सुरुवात आमच्या इमारतीपासून. पांढरं हेल्मेट घालून तू लिफ्टमधून उतरलीस आणि सगळ्यांदेखत मला मिठी मारलीस. मग माझी वही मागून घेऊन वाचलीस. मूडलींनी तुझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, बाईंसाठी चहा सांग. तू त्यांना शनिवार-रविवारचं सांगितलंस. माझंच वाक्य, जवळजवळ माझ्याच शब्दांत. ते मान डोलवत म्हणाले, "कमाल आहे. इतकी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात कशी आली नाही?" तू लगेच म्हणालीस, "आली होती. नोक्वाझीच्या." हे तू म्हणालीस, झिबू. मी ते ऐकलं. पण घरी जाताना टॅक्सीत बसल्या बसल्या मी ते वाक्य पुसून टाकलं, आणि नंतर स्वतःला ही हकीकत जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा त्या वाक्याशिवाय सांगितली.

त्यात वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. माझ्या गच्चीवर, माझ्या चिलरवर हात ठेवून तू उभी, मागे बंदरातली जहाजं. आईने तो कापून फ्रिजवर चिकटवला. दुधाला फ्रिज उघडायचा तर आधी तुझं तोंड बघायचं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ही आमची झिबू, माझ्या हातचं मक्याचं उफुथु खाऊन मोठी झाली. तिच्यात वाईट काही नव्हतं. पण मी तिच्याच पोटची, त्याच मशीनवर चौदा वर्षं हात ठेवून उभी, आणि माझा फोटो कुठेच नाही. शेजारच्या मामकाइझीने विचारलं, "आणि तू काय करतेस गं तिच्या हाताखाली?" त्या दिवशी माझ्या छातीत काहीतरी आंबलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. फेब्रुवारीतल्या तीन शुक्रवारी घरी निघताना मी पॅनलवरचा खटका 'ऑटो'वरून काढून 'मॅन्युअल'वर टाकला. तू बसवलेलं वेळापत्रक बाजूला पडलं आणि दोन्ही चिलर रिकाम्या इमारतीसाठी दोन दोन दिवस, पूर्वीपेक्षाही जास्त जोरात, घरघरत राहिले. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन मी खटका परत जागेवर आणायचे. महिनाअखेर मीटरचा आकडा आला, तो जुन्यापेक्षा जास्त. मला वाटलं होतं तुझी जराशी फजिती होईल, मूडली तुझ्यासाठी पुन्हा खुर्ची ओढणार नाहीत. इतकंच. देवाशपथ इतकंच.

सिटी हॉलमधल्या त्या बैठकीत बाकीच्या इमारतींचे मालक एकेक करून उठायला लागले. पहिल्याच ठिकाणी आकडा चढला, मग आम्ही कशाला खड्ड्यात उडी घ्यायची? अकरा जणांनी नावं मागे घेतो म्हटलं. कुणीतरी म्हणालं, तिथल्या कामगारांनीच काही घोळ घातला असेल. तेव्हा तू उभी राहिलीस. "चूक माझ्या गणिताची आहे," म्हणालीस. "तिथल्या माणसांकडे बोट दाखवू नका. ती माणसं मी ओळखते." मी समोरच्या ग्लासातल्या पाण्याकडे बघत राहिले. नंतर जिन्यात तू मला गाठलंस. विचारलंस, "नोक्वा, यंत्राला काही झालंय का गं?" मी म्हटलं, म्हातारं झालंय. तू हसलीस. "मग आपणही झालो की." तू यंत्राबद्दल विचारलंस, माझ्याबद्दल नाही. ती माया होती, की तुला खरंच काही कळलं नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुला कामावरून बाजूला केलं, या महिनाअखेर तू प्रिटोरियाला जाणार आहेस, हे मला मूडलींकडून कळलं. ते खुशीत होते. जुनंच वेळापत्रक परत लाव म्हणाले. गेल्या शनिवारी मी ते लावलं आणि का कोण जाणे, जिन्याने एकेक मजला खाली उतरत गेले. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत माझ्या दंडावर काटा उभा राहिला. रिकाम्या खुर्च्या, पाठीला लटकवलेले कुणाकुणाचे स्वेटर, टेबलावरच्या कुंडीतल्या रोपाची पानं वाऱ्याने हलताहेत. बाराव्या मजल्यावर मी खाली बसले. चौदा वर्षं जे चूक आहे म्हणून मी ओरडत होते, ते या वेळी मी स्वतः चालू केलं होतं. वर माझ्या खोलीत जाऊन ड्रॉवर उघडला. तू नोव्हेंबरात दिलेला अहवाल तिथे पाकिटातच होता. तुझं कौतुक वाचायला लागेल म्हणून मी तो फोडलाच नव्हता. पहिल्याच पानावर लिहिलं आहेस, या सूचना यंत्रचालक नोक्वाझी म्बोना यांच्या वहीवरून घेतल्या आहेत आणि मूळ निरीक्षण त्यांचं आहे.

आज सकाळी मी वही घेऊन महापालिकेत गेले आणि इंजिनियर खुझवायोबाईंना तिन्ही शुक्रवारांचं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. त्या तुला उद्या दहा वाजता बोलावणार आहेत. तिथे त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्या हातून कळावं, म्हणून हे पत्र. आत्ताच तुझ्या मावशीकडे देऊन येते. माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तू ठरव, आणि घाई करू नकोस. फक्त प्रिटोरियाला जाऊ नकोस, राहिलेल्या एकोणचाळीस इमारतींना तू हवी आहेस. आणि एक खरं सांगते. सगळं सांगून टाकलं की मत्सर जाईल असं मला वाटलं होतं. खुझवायोबाई वही चाळताना म्हणाल्या, "झिबुयिलेने तुमच्याबद्दल बरोबरच सांगितलं होतं," आणि त्याही क्षणी माझ्या मनात आलं, इथेही तीच आधी पोचली.

तुझीच, जशी आहे तशी,
नोक्वा