ट्रंकेतलं श्वासाचं यंत्र

मी, चन्नबसप्पा मन्मथप्पा हालकुडे, वय ६६, धंदा मोटार रिवायंडिंग, राहणार चाकूर, जि. लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हातानं लिहीत आहे. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के उरलं असलं तरी डोकं शाबूत आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी शरणम्मा हिला. झोपेत माझा श्वास थांबला की ती बोटांवर मोजते आणि वीस झाले की मला हलवते. दोन वर्षं तिची धड झोप झालेली नाही.

२. दुकान, वायंडिंगचं मशीन, पान्हे मुलगा संगमेश्वर याला. विकायचं असेल तर खुशाल विकावं. मी आडवा येणार नाही, येऊ शकणारही नाही.

३. सामाईक विहिरीतली माझी पाण्याची पाळी थोरली वहिनी, वैजनाथची बायको गुणाबाई यांना. याच पाळीवरून थोरला भाऊ वैजनाथ आणि मी दोघं अकरा वर्षं बोललो नाही. चूक माझी होती. तो हयात असताना हे कबूल करायला जीभ उचलली नाही.

४. आता यंत्र. आमच्या घराण्यात हृदय मोठं होऊन थकतं, तसं वैजनाथचं थकलं. झोपेत दम तुटायचा. अबोला सोडायचा म्हणून मी हैदराबादहून झोपेत नाकातून हवा देणारं जुनं यंत्र आणलं, त्याची मोटार दुरुस्त केली आणि माझ्या हातानं त्याच्या नाकावर मास्क बांधला. डॉक्टरांना विचारलं नाही. मोटारीतलं मला कळतं, असा माज होता. अठराव्या दिवशी सकाळी तो उठला नाही. यंत्र चालूच होतं.

वहिनी अजून सगळ्यांना सांगतात, "भावजीनं शेवटी त्यांला सुखाची झोप दिली." मी मान खाली घालतो.

पुढं मला तोच आजार निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी यंत्राचा फोटो पाहिला. म्हणाले, साध्या दाबाचं मशीन वेगळं. हे श्वास थांबला की स्वतःहून छातीत हवा भरतं, आणि पंपिंग इतकं कमी असून मेंदूकडूनच श्वास थांबत असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. वैजनाथ त्यानंच गेला का, हे सांगता येणार नाही म्हणाले. ही गोष्ट मी घरातही बोललो नाही. लाज वाटली.

म्हणून माझ्या ट्रंकेत ठेवलेलं हे यंत्र कोणालाही देऊ नये. फोडावं. त्यातली तांब्याची तारही विकू नये. धाकटा भाऊ रामलिंग यानं मागितलं तरी देऊ नये. त्याचं पंपिंग तीसवर आलंय, झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आणि तो सारखा म्हणतो, "अण्णा, पडून हाय तर द्या की." मी बघू म्हणत आलो. आज त्याला मुद्दाम साक्षीदार केलं आहे, म्हणजे हे कलम तो स्वतः वाचेल.

स्थळ: चाकूर
दिनांक: ११ जानेवारी २०२५
लिहून देणार: चन्नबसप्पा हालकुडे
साक्षीदार १: आप्पासाहेब, निवृत्त शिक्षक, शेजारी. सही केली.
साक्षीदार २: रामलिंग मन्मथप्पा हालकुडे. सही:

ता. क. रामलिंगला नऊची वेळ दिली होती. साडेदहा झाले. फोन वाजतो, उचलत नाही. यंत्र समोर ठेवावं म्हणून ट्रंक उघडली, तर रिकामी. शरणम्माला विचारलं.

"काल सांजंला भावजी आल्ते. म्या दिलं. तुमी कवा न्हाई म्हन्लता?"

आप्पासाहेब पळतच त्याच्या घराकडं गेले. आता ते गल्लीच्या तोंडाशी दिसत आहेत. सावकाश चालत येत आहेत.