पखवाजाची पुडी

आबा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्याच ओसरीवर बसून लिहितोय. शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्ही पखवाजावर बोटं बसवलीत, तेवढंच मला नीट येतं.

गळ्यात तुळशीची माळ, आणि मारलेल्या जनावराचं कातडं देवापुढं वाजवायचं नाही हा तुमचा नेम. मळवलीत कुणाची शेळी आपसूक मेली तरच पखवाजाच्या तोंडावर नवी पुडी, तोवर नुसत्या टाळांवर भजन. मग तुमचीच शेळी म्हातारी होऊन गेली. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मीठ चोळलेलं कातडं पोत्यात घालून माझ्या खांद्यावर दिलंत. "सरळ लोणावळ्याला जा. कुटं थांबू नगंस. लय जीव लावलाय तिला." आणि मी थांबलो. खंडाळ्याच्या घाटात बिनधुराचं इंजिन आलंय असं कुणी म्हणालं, ते बघायला गेलो. वर करवंदं पिकलेली. चार दिवस गेले. पोतं उघडलं तेव्हा पुडी बांधणाऱ्यानं नाकाला फडकं लावलं. "सडलं की रं हे! केस बघ, हातात येत्यात." मी रडकुंडीला आलो. त्यानं आतून करडाचं कातडं काढलं, कालच खाटकाकडून आणलेलं. "ह्याची बांधतो. आबाला काय कळतंय? पखवाजाच्या वाद्या म्हशीच्या हायत, ती म्हस कशी मेली हे इचारलंय व्हय त्यानं कधी?"

एकादशीला तुम्ही त्या पुडीवर थाप मारलीत. तुमच्या डोळ्यांत पाणी. "बोलतीया रं माझी शेळी," म्हणालात. मी खाली बघून टाळ कुटत राहिलो. पुढं मरेपर्यंत तुम्ही तीच पुडी वाजवलीत. सांगायला दर वेळी तोंड उघडलं, आणि दर वेळी कुठंतरी निघून गेलो, कधी पुण्याला, कधी कर्जतला.

तुमच्यानंतर मी वाजवत होतो. आता ती फाटलीय. भजन बंद आहे, कारण तुमचा नेम आता गावानं धरलाय. तुमच्या मागं तुमच्या कारभारणीनं, आम्हा सगळ्यांच्या मावशीनं, एक शेळी पाळली, तीही थकलीय. रोज कुणी ना कुणी कुंपणावरून डोकावतो. "काय मावशी, चरतीया का अजून?" "चरतीया की! तुला लय घाई?" मावशी हसते, पण परवापासून तिनं शेळी घरात बांधलीय. आबा, खाटीक एका घावात मोकळं करतो. आम्ही सगळं गाव मिळून ह्या शेळीला रोज थोडं थोडं मारतोय. खरं बोललो तर उद्या बाजारातून पुडी येईल आणि ही सुखानं चरेल. पण तुमचा नेम मी तेव्हाच मोडला, तुमची शेळी तुमच्याशी बोललीच नव्हती, हे मावशीला कोणत्या तोंडानं सांगू? तो आवाज ऐकतच तिनं तुमच्यामागं दिवस काढलेत. पळून जावं तरी पाय निघत नाही.

मावशीला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसलो होतो. नाही दाखवणार. मघाशी ती आतून म्हणाली, "आज तिनं पाल्याला तोंड लावलं न्हाई रं." आणि मला बरं वाटलं.