अलास्काचं प्रस्थान, मुक्काम विठ्ठलवाडी

मुक्काम विठ्ठलवाडी
(कायमचा पत्ता नौपाडा, ठाणे)
वैशाख शुद्ध पंचमी, १९९१

चि. सौ. शीला हिला भाऊचे पोटभर आशीर्वाद. श्रीपादरावांना सप्रेम नमस्कार (यंदा गाडी तेच चालवणार, म्हणून नमस्कार नेहमीपेक्षा जरा वाकून). इकडे सर्व खुशाल. तुझ्या वहिनीचे गुडघे, गल्लीतला नळ आणि माझं पोट आपापल्या मर्जीने चालतात, त्यात नवीन काही नाही. तुमच्या एडमंटनचा बर्फ वितळला असेल अशी आशा करतो. माझी नव्हे, पुस्तकाची तशी अट आहे.

त्या पुस्तकाबद्दलच लिहायला बसलोय. ‘उन्हाळ्यात दोघं या, आमच्या गाडीने अलास्कापर्यंत जाऊ, तोवर हे चाळून ठेवा’ अशी चिठ्ठी लावून श्रीपादरावांनी तो रस्त्याचा ग्रंथ पाठवला, तेव्हापासून माझं बूड जमिनीला टेकलेलं नाही. अगं, काय ते पुस्तक! मैलामैलाची हकिगत. इथे पूल, इथे खडीचा ढीग, इथे डावीकडे पेट्रोल, इथे उजवीकडे तळं, इथे अस्वलाला खायला घालू नये. वागळे इस्टेटमध्ये कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी उभी हयात काढली, पण इतक्या शिस्तीने नटबोल्टसुद्धा कधी मांडले नव्हते. वाचताना पाय वळवळतात. जेवता जेवता उठतो, पुढच्या वळणावर काय आहे ते बघून येतो, मग वरणभात कालवतो. पुस्तक म्हणतं, दोन गावांच्या मध्ये खायला काही मिळत नाही. हे वहिनीने फार मनावर घेतलं. दशम्या, मेतकूट, कुळथाचं पीठ, लिंबाचं लोणचं असं सगळं बांधून तयार झालं (श्रीपादरावांना सांग, गाडीच्या मागच्या भागात झोपायची सोय आहे म्हणतात, तिथे आता बरण्या झोपतील). डास मोठे असतात हे वाचून दाखवलं तेव्हा मात्र ती म्हणाली, त्या लोकांना आधी कळव्याच्या खाडीवर आणून बसवा. तरी मच्छरदाणी घेतलीच.

आता मुख्य घोटाळा सांगतो. व्हिसाची मुलाखत व्हायची होती, पण गुरुजींनी पंचांग बघून सांगितलं की दूरच्या प्रवासाला चांगला दिवस एकच आहे आणि तो मुलाखतीच्या आधीच येतोय. यावर आपल्याकडे तोडगा आहे, तू विसरली असशील. मुहूर्त आज आणि जाणं नंतर असेल तर आपली एखादी वस्तू शिवेपलीकडे कुणाच्या घरी ठेवून यायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली की माणूस निघाला असं धरतात. एक मात्र आहे, प्रस्थान ठेवलेली वस्तू प्रवास झाल्याशिवाय घरी परत आणायची नाही. आपले बाबा पंच्यात सुपारी बांधून शेजारच्या आळीत ठेवायचे. मला तेवढ्यावर धीर धरवेना. मी म्हटलं, निघायचंच तर अर्धवट कशाला? सगळी बॅगच ठेवू. पासपोर्ट तेवढा खिशात घातला. वहिनी म्हणाली, शीव म्हणजे खाडी ओलांडून गेली पाहिजे. तेव्हा कारखान्यातला माझा जुना सोबती दौलत आठवला. तो विठ्ठलवाडीला राहतो.

वहिनीला घेऊन रिक्षा केली. कळवा पूल आला तसा मी पुस्तक उघडून बसलो आणि त्यातल्याच भाषेत मोठ्याने सांगू लागलो, पूल, पुढे वस्ती, उजवीकडे डोंगर, दरड कोसळण्याचा संभव, चालकांनी सावध असावं. मुंब्र्यापर्यंत रिक्षावाल्याने सहन केलं. शिळफाट्याला मी वन्य प्राण्यांची सूचना वाचली तेव्हा तो मागे वळून म्हणाला, “काका, अस्वल कल्याणला नाय भेटणार. पोलीस भेटंल. बसा गप.” पुढे पत्रीपुलाच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यातच आडवी बसलेली. तिच्यासमोर आम्ही मुकाट्याने थांबलो तेव्हा मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! पुस्तकात अगदी असंच लिहिलंय, जनावर रस्त्यात आलं तर हॉर्न वाजवू नये, ते आपणहून जाईपर्यंत थांबावं. (रिक्षावाल्याचा मीटरही थांबला नव्हता, ते वहिनीने पाहिलं.)

बॅग ठेवली, सुपारी ठेवली, गंगुबाईंनी (म्हणजे दौलतच्या मंडळींनी) हळदकुंकू लावलं. घरी येऊन वाचायला बसलो तर पुस्तक बॅगेत! चष्माही खूण म्हणून पुस्तकातच राहिलेला. दाढीचं सामान, चांगली विजार, गुडघ्याचं तेल, सगळं प्रस्थानात गेलेलं. परत आणू म्हटलं तर वहिनी दारात आडवी. तेव्हापासून मी दाढीला विठ्ठलवाडीला जातो. दाढी झाली की चष्मा लावून दोन-चार मैल वाचतो. आता दौलतच्या घरालाही तोच नाद लागलाय. परवा तो मलाच म्हणाला, “भाऊ, तो धबधबा उजव्या हाताला हाय. तुम्ही डावा डावा करून आमच्या मंडळींना चुकवू नका.” काल मात्र गंगुबाईंनी चहा देता देता सांगितलं, “भाऊ, बॅग तरी न्या, नायतर वैनींना घेऊन हितंच राहायला या. मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाय उरली.” बिचारीचं चुकत नाही. दशम्या संपवून मेतकुटाला हात घातलाय आम्ही. हे पत्रही तिच्याच ओट्यावर बसून लिहितोय, कारण चष्मा इथे आहे.

मुलाखत छान झाली. साहेब गोरा, हसतमुख. कुठे जाणार म्हणाला. पुस्तक जवळ नव्हतं, पण लागतंय कशाला? मी पहिल्या मैलापासून सुरू केलं. पूल, पंप, खडीचे ढीग, एकही सोडला नाही. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, आणि परत कधी येणार? मी खरं ते सांगितलं, की परतीचा रस्ता पुस्तकात दिलेला नाही, पुस्तक उलटं वाचावं लागतं, आणि तेवढं मी अजून केलेलं नाही. तो खूप हसला. पासपोर्ट ठेवून घेतला.

वहिनीचे आशीर्वाद. आंब्याचं लोणचं कोणत्या तेलात घालू ते कळव.

तुझा,
भाऊ

ता. क. पासपोर्ट आला. व्हिसा नाही. त्या माणसाला खात्री पटली की मला जायचंय पण यायचं नाही. श्रीपादरावांनी गाडीची काही तजवीज केली असेल तर मोडून टाकावी.

ता. क. २. बॅग अडकली आहे. प्रवास झाल्याशिवाय ती घरी येणार नाही आणि प्रवास तर होणार नाही. शेवटी गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, प्रवास कशासाठी होता? मी म्हटलं, बहिणीला भेटायला. मग ते म्हणाले, बहीण भेटली की प्रवास झाला. बॅग तिने आणून द्यावी. शीला, खरं सांगतो, मला अलास्का काय करायचंय? मला तू पाहिजेस. आई गेली तेव्हाही तुला येता आलं नाही, आणि आता फोन केला की म्हणतेस, ठाणं फार बदललं भाऊ, मला घर सापडायचं नाही. म्हणून सोबत रस्ता देतो.

सहार विमानतळ. टॅक्सी पवईवरून घ्यावी. डावीकडे तळं. मुलुंड चेकनाका. पुढे तीन हात नाका, डावीकडे कोपऱ्यावर एक म्हातारा उभा दिसेल, चष्मा नसलेला. थांबू नये, आधी बॅग. कळवा पूल. मुंब्रा, उजवीकडे डोंगर. शिळफाटा. म्हैस असल्यास थांबावं. पत्रीपूल. विठ्ठलवाडी, दौलतचं घर, चहा मिळतो. बॅग घेऊन त्याच रस्त्याने मागे नौपाडा. पहिला मजला, दार लोटलेलं असतं.

परतीचा रस्ता दिलेला नाही.