वजनकाट्यावरून होणाऱ्या देखरेखीबाबत

प्रति,
मा. शालेय आरोग्य अधिकारी,
विभागीय आरोग्य कार्यालय.

विषय : सोपवलेले काम रद्द करणारा आदेश मागे घेण्याबाबत, अथवा तातडीने हयात परिचारिका पाठवण्याबाबत.

संदर्भ : सोमवारी मुख्याध्यापकांमार्फत मिळालेला आपल्या कार्यालयाचा आदेश.

महोदय,

मी या शाळेत शिवणकाम शिकवते. वरील आदेशात आपण म्हटले आहे की, शाळेच्या परिचारिकेचे निधन झाल्याने तिने सोपवलेल्या कामावर देखरेख करणारे कोणी उरलेले नाही, सबब ते काम रद्द समजावे. यातील पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीबद्दल हा अर्ज आहे.

१. आमच्या नर्सबाईंकडे आणखीही शाळा होत्या. दुपारच्या सुट्टीत त्या सगळीकडे पोचणे शक्य नव्हते, म्हणून चौथीतल्या एका मधुमेही मुलीला डब्याआधी इन्सुलिन देण्याचे काम त्यांनी मला शिकवून सोपवले. वर्गात या मुलीला मुंगी म्हणतात. हे नाव तिने स्वतःच घेतले आहे, साखरेचा आणि माझा जुना संबंध आहे असे ती सांगते. मीच का, असे मी विचारले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही सुईला घाबरत नाही. बाकीचं मी बघते." एक काम, एक मूल, एक माणूस, हा त्यांचा नियम होता. मला दिलेले काम मी आणखी कोणाच्या गळ्यात मारायचे नाही, अशी सक्त ताकीद होती.

२. कामाची रीत अशी. आजारी मुलांच्या खोलीत प्रत्येक पायरी मी मोठ्याने म्हणायची, आणि त्यांनी "पुढे" म्हटल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही. साखर तपासली. पुढे. इन्सुलिनचे पेन घेतले. पुढे. त्या बुटक्या होत्या. माझ्या खांद्यावरून नीट दिसावे म्हणून त्या माझ्यामागच्या वजनकाट्यावर चढून उभ्या राहत. काट्याच्या तबकडीवर त्यांचे वजन सगळ्या आजारी मुलांना दिसे, त्याची त्यांना फिकीर नव्हती. ज्या दिवशी येणे जमत नसे त्या दिवशी त्या फोनवरून "पुढे" म्हणत.

३. दिवाळीच्या सुट्टीत त्या हृदयविकाराने गेल्या. शाळा उघडली, त्या पहिल्या दुपारी मी फोन टेबलावर ठेवला आणि तो वाजणार नाही हे आठवून मला रडू आले. मुंगी बाही वर करून बसली होती. काम तर करायलाच हवे होते, म्हणून मी म्हटले, साखर तपासली. मागे काट्याची पाटी खाली दबल्याचा आवाज झाला आणि माझ्या डाव्या कानामागून "पुढे" आले.

मी मागे वळून पाहिले नाही. आजतागायत पाहिलेले नाही. मुंगी मात्र माझ्या खांद्यावरून वर बघे आणि सरळ बसे. एकदा ती म्हणाली, "बाई, आता पटपट करा, त्या उभ्या आहेत." मुख्याध्यापकांना मी सांगितले तेव्हा त्यांनी मला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. शिपाईमामांनी काटा दुरुस्तीला पाठवला. कारागिराने तो तपासून ठणठणीत असल्याचे लिहून दिले. हयात असताना नर्सबाई अधूनमधून येत, गेल्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. मला वाटते, त्यांच्याकडे दुसरी शाळा उरली नव्हती.

४. हे सर्व माझ्या मनाचे खेळ आहेत असे कार्यालयाचे मत होऊ शकते. म्हणून पुढील घटना नमूद करते. मुंगीची दोन पेने आहेत. दुपारच्या पेनाला केशरी टोपण, रात्रीच्या पेनाला निळे. रात्रीचे घरीच राहते. एका दुपारी मी तिच्या पिशवीतून केशरी टोपणाचे पेन काढले आणि म्हटले, दुपारचे पेन घेतले. मागून काहीच आले नाही. मी पुन्हा म्हटले. काटा दबलेला होता, कोणीतरी उभे होते, पण "पुढे" येत नव्हते. तेव्हा मी टोपण सोडून पेनावरची चिठ्ठी वाचली. ते रात्रीचे पेन होते. सकाळच्या घाईत घरी टोपणांची अदलाबदल झाली होती. ते औषध दुपारी गेले असते आणि रात्री निळे टोपण पाहून दुपारचे औषध गेले असते, तर मुलीची साखर झोपेत उतरली असती आणि घरात कोणाला कळलेही नसते. मी तिच्या आईला बोलावून घेतले. ती कारखान्याच्या फाटकावर हातापाया पडून, दुपारचे पेन घेऊन आली, आणि माझे हात धरून बराच वेळ बसली. त्या दिवशी देखरेख कोणी केली, याचे उत्तर आपल्या आदेशात नाही.

५. आदेशानुसार आता आईने रोज दुपारी यावे, नाहीतर मुलीला घरी ठेवावे. आईच्या कारखान्याचे फाटक दुपारी उघडत नाही. त्या एका दिवसासाठी तिला काय काय ऐकून घ्यावे लागले ते मला माहीत आहे. म्हणून मी काम थांबवलेले नाही. हे मी लपवत नाही. माझ्यावर कारवाई करायची असल्यास खुशाल करावी.

परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. नर्सबाई नियमाच्या पक्क्या होत्या. वरून आलेला कागद त्यांनी जन्मात कधी मोडला नाही. मंगळवारी मी म्हटले, साखर तपासली. पाटी दबली नाही. काटा शून्यावर आहे, असे मुंगीने सांगितले. त्यांनी आपला आदेश पाळला आहे.

महोदय, इतके दिवस त्या आहेत म्हणून मला झोप नव्हती. आता त्या नाहीत म्हणून नाही. पेन बरोबर असते, चिठ्ठी मी तीनदा वाचते, मात्रा बरोबर असते, आणि हात उचलवत नाही. मला भीती वाटते. चुकले तर गप्प राहून सांगणारे कोणी उरलेले नाही, कारण आता सगळेच गप्प आहे.

तरी नम्र विनंती की, जिवंत परिचारिका लवकर पाठवावी. ते जमत नसेल तर निदान हा आदेश लेखी मागे घ्यावा आणि त्याची प्रत आजारी मुलांच्या खोलीत, वजनकाट्यासमोरच्या भिंतीवर, बुटक्या व्यक्तीला वाचता येईल इतक्या खाली लावावी.

हे शक्य तितक्या लवकर व्हावे. कालपासून मी थांबले की मुंगीच "पुढे" म्हणते. ती बरोबर-चूक बघून म्हणत नाही. तिला भूक लागलेली असते.

आपली विश्वासू,
(सही)
शिवणकाम शिक्षिका

दिनांक : आदेश मिळाला त्याच आठवड्याचा शुक्रवार, दुपारच्या सुट्टीपूर्वी.

सोबत :
१. आदेशाची प्रत.
२. वजनकाटा ठणठणीत असल्याचा कारागिराचा दाखला.