मलमलीतली भेंडी

१४ ऑगस्ट
अम्मीच्या भेंडीचे तेरावे झाडही आज उपटले. पानांच्या शिरा पिवळ्या, शेंगा पिवळट. आता एकच झाड. बी उरलेले नाही, बाटलीतले सगळे यंदा पेरले.
चूक माझी. पहिले आजारी झाड मी भर उन्हात उपटले आणि शेजारच्या किसनभाऊंना दाखवायला हातात धरून ओळींमधून नेले. पानांखालून पांढऱ्या माश्या उडत होत्या, ते पाहिलेही. आज कृषी सहायक म्हणाले, हीच माशी आजारी पानाचा रस पिते आणि रोग पुढच्या झाडात सोडते. म्हणजे रोग मीच फिरवून आणला.

१७ ऑगस्ट
शेवटच्या झाडाच्या शेंड्याची दोन पाने पिवळी. तीनदा पाहिले.
किसनभाऊ दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून: "गफ्फार, उपट ते. माह्या अर्ध्या एकर भेंडीले रोग लावशीन."
खरे आहे. पण झाडाला एक शेंग धरली आहे. बियाण्याच्या शेंगेला अम्मी चिंधी बांधायची, अब्बांच्या शिलाई मशीनखालच्या कात्रणांतली. ईदच्या आधी रेशमी, शाळा सुरू होताना खाकी. चिंधी दिसली की तोडायची नाही. एकदा मी तोडली. जून शेंग, चावत नव्हती, तरी तिने मलाच सगळी खायला लावली आणि समोर हसत बसली.
आज मी बांधली. निळी. गाठ तिच्यासारखी बसली नाही.

१८ ऑगस्ट
सहायकांना फोन. हा रोग बियातून जात नाही. माशी झाडापर्यंत यायला नको, आणि तिथून जायलाही नको. मच्छरदाणीची छिद्रे मोठी पडतात.
अब्बांना सांगितले. शेतात आले, टेप लावून झाडाचे माप घेतले. उंची, घेर. दुपारपर्यंत मलमलीची पिशवी तयार, खाली नेफा आणि नाडी. साबणाच्या पाण्याने माश्या मारल्या, मग घातली.
किसनभाऊ: "काय चाचा, झाडाले कुर्ता शिवला?"
अब्बा: "तुह्या भेंडीले पायजमा शिवतो. माप घेऊन ये."
दोघे हसले. मग किसनभाऊ मला म्हणाले, "माह्या वावरात एक जरी पान पिवळं दिसलं तर मले सांगजो. कुर्त्यासगट उपटून टाकू."
मी हो म्हणालो.

२ सप्टेंबर
शेंग वीतभर. कापडावरूनच बोटाने तिच्या उभ्या धारा मोजल्या, आठ. बाजारच्या भेंडीला पाच. अब्बा रोज विचारतात, "वाळली का?" अम्मीला जाऊन दोन वर्षे झाली. तिचे नाव ते घेत नाहीत, भेंडीचे विचारतात.

९ सप्टेंबर
शेंग अजून हिरवी, टोक फक्त तपकिरी. दहा दिवस तरी हवेत.
किसनभाऊंच्या पहिल्या ओळीत, आमच्या बाजूला, चौथ्या झाडावर पिवळ्या शिरा. दोनदा जाऊन पाहिले. रोग आमच्याकडून गेला की आणखी कुठून, कळायला मार्ग नाही. ते पांढरकवड्याला मुलीकडे गेलेत, परवा येतील. तोवर माश्या थांबणार नाहीत.
संध्याकाळी त्यांना फोन लावला. लगेच उचलला. "बोल ना बे, काय झालं?"
मी विचारले, तिकडे पाऊस आहे का.