अपकीर्तीला ग्रीक शब्द

२३ ऑगस्ट २०२०, वॉटरफोर्ड, आयर्लंड
नरेंद्रने स्नेहलताचे मोदक कचऱ्यात टाकले! इथल्या मराठी मंडळाचा गणपती यंदा त्याच्याकडे. तिने डबा दारात ठेवला, लांब उभी राहून हात जोडले, गेली. ती कोविड वॉर्डात डॉक्टर. जुलैत त्याच्याकडे बारशाला आली, आठवड्याने तिथले तिघे आजारी पडले. तिची टेस्ट निगेटिव्ह — विचारतंय कोण? वर नरेंद्र मलाच फोनवर हसून सांगतो, "प्रसाद काय सॅनिटायझरने पुसून खायचा, वहिनी?"

२५ ऑगस्ट
सापडला शब्द. अडॉक्सिया. ग्रीकांकडे डॉक्सा म्हणजे लोकांचं आपल्याविषयीचं मत. ते फिरलं की अडॉक्सिया. गुन्हा नको, पुरावा नको, चार तोंडं पुरतात. शनिवारी मंडळाच्या झूमवर माझं व्याख्यान. विषय दिलाय 'वाचनसंस्कृती'. खड्ड्यात गेली वाचनसंस्कृती.

शिरीष चहा गाळता गाळता म्हणाला, "स्नेहलताला विचारलंस?"

"बुडणाऱ्याला विचारून उडी मारतात का?"

"आधी बुडतेय का ते बघतात, बाईसाहेब." नवरा कसला, विरोधी पक्ष आहे.

२७ ऑगस्ट
झोप नाही. वाक्यं आपसूक येतायत.

२९ ऑगस्ट
काय बोलले मी आज! घसा अजून गरम आहे. नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं — जिच्या हातचे उकडीचे मोदक दरवर्षी मागून मागून खाल्लेत, ती दिवसभर परक्यांचे श्वास सांभाळते आणि तिचा डबा आपण कचऱ्यात टाकतो. मंडळातली इशिता रडली. नरेंद्रने कॅमेरा बंद केला.

३० ऑगस्ट
फोनवर फोन. मंडळातलीच वसुधा म्हणाली, "अहो, ते मोदकांचं म्हणालात तेव्हा कळलं कोण ते. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बिचारी!" स्नेहलताच्या दारात फुलं, डबे, कार्डं. नरेंद्रही जाऊन आला. शब्दांनी माणसं बदलतात — मी कायम हेच म्हणत आले.

१९ सप्टेंबर
स्नेहलता येऊन गेली. बागेतच उभी राहिली. "ताई, आधी चार घरं टाळायची. आता सगळी घरं जपून वागतात. कुणी साधं भांडतसुद्धा नाही माझ्याशी." दूर मलिंगार गावातल्या हॉस्पिटलात नोकरी घेतली आहे. तिथे मराठी घरं किती, विचारत होती. माझ्या माहितीत एकही नाही, म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली.